संध्याकाळी रोव्हरचं फिक्स जातंय, हे सूर्याचं काही आहे का? सौर वादळाचे अंदाज कसे वाचायचे?

बांधकरी

नमस्कार मंडळी. मी मोजणीचं काम करतो, सध्या मोहोळ तालुक्यात एका सोलर प्लांटच्या जागेवर खांबांच्या खुणा मारायचं काम चालू आहे. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, मार्च लागला की दुपारी बारा ते चार माळावर माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून आम्ही पहाटे आणि संध्याकाळी काम करतो, संध्याकाळी लाइट लावून साडेआठ नऊपर्यंत. तर गेले तीन आठवडे असं व्हायलंय की दिवसा रोव्हर, म्हणजे आमचं सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारं जीपीएस मशीन, झकास चालतो, काही सेकंदात फिक्स, म्हणजे पक्की जागा, येतं, आणि दिवेलागण झाली की तास-पाऊण तासानं फिक्सचं फ्लोट, म्हणजे नुसती अंदाजे जागा, होतं, मग हळूहळू उपग्रहच गळायला लागतात. कधी वीस मिनिटं, कधी दीड तास. नंतर आपोआप ठीक. परवा घाईत फ्लोटवरच अकरा खुणा मारल्या आणि सकाळी तपासल्या तर चाळीस चाळीस सेंटिमीटर सरकलेल्या, लेबरचं अख्ख्या संध्याकाळचं काम वाया गेलं. मशीन दुरुस्तीला पाठवलं तर ठणठणीत आहे म्हणून परत आलं. साइटवरचा एक पोरगा म्हणला सूर्यावर वादळं चालू आहेत म्हणून. मग मोबाईलवर ॲप टाकलं तर वादळाचा तो केपी आकडा २ दाखवतंय, म्हणजे एकदम शांत. आता डोकंच चालेना. इथं कुणी जाणकार असेल तर सांगा, लई उपकार होतील.

टॉवेलवाले

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण आलंय, पुढचे तीन दिवस महाभयंकर सौर वादळ, रात्री मोबाईल उशाशी ठेवू नका, किरणं येणार. आईला पेसमेकर आहे, ती कालपासून घाबरलेली आहे, जेवली पण नाही नीट. हे खरं आहे का? कुणीतरी नीट सांगा.

रेडिओवाला_सोलापूर

टॉवेलवाले, आधी तुमचं, कारण ते महत्त्वाचं आहे. आईंना सांगा निवांत झोपा. २०२४ च्या मे महिन्यात वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ झालं तेव्हा आपल्यासारख्या खालच्या अक्षांशावर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमाल किती हललं तर साधारण ४०० नॅनोटेस्ला. आपल्या भागात मुळात क्षेत्रच ४० हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे हे एक टक्का झालं. फ्रीजला चिकटवतो ते साधं चुंबक याच्या कित्येक हजार पट जोरदार असतं. किरणांचं म्हणाल तर वातावरण आपल्या डोक्यावर आहे ते अडवतं, काळजी अंतराळवीरांना आणि ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांना. पेसमेकरबद्दल काही शंका असली तर डॉक्टरांना विचारा, पण या मेसेजपायी जेवण सोडू देऊ नका.

आता बांधकरी, तुमचं. मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवणारा, सूर्य हा माझ्या रोजच्या बघण्यातला विषय. लोक सौर वादळ म्हणून एकच शब्द वापरतात पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी पोचतात. पहिली ज्वाला म्हणजे फ्लेअर, तिचे क्ष-किरण प्रकाशाच्या वेगानं येतात, आठ मिनिटं वीस सेकंद, म्हणजे बातमी आणि फटका एकदमच, आधी सावध होणं शक्यच नाही. तिचे वर्ग ए, बी, सी, एम, एक्स, प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एक्स वर्गाची ज्वाला आपल्याकडे दिवस असताना झाली की माझे खालचे बँड दहा मिनिटांत मरतात, नुसती खरखर, कारण वरच्या विद्युतभारित हवेचा सगळ्यात खालचा डी थर सगळ्या लहरी गिळून टाकतो. रात्री झाली तर आपल्याला पत्ता पण लागत नाही. दुसरी वेगवान प्रोटॉनांची लाट, काही मिनिटांत ते काही तासांत येते, ती आपल्या अक्षांशावर जमिनीवर जाणवत नाही. आणि तिसरी म्हणजे सीएमई, सूर्यानं फेकलेला प्लाझ्माचा ढग, त्याला एक ते तीन दिवस लागतात, फारच वेगात असला तर सतरा अठरा तास. चुंबकीय वादळ करतो तो हा.

तुमचा प्रकार रोज, ठराविक वेळेला, आणि केपी कमी असताना होतोय, म्हणजे हे वादळ नाही. पण सूर्याचं काही नाही असंही नाही. याच्यावर बाई जास्त नीट सांगतील.

भौतिकशास्त्र_बाई

रेडिओवाल्यांनी बोलावलं म्हणून आले 🙂 बांधकरी, तुमचं वर्णन वाचून मला आनंदच झाला कारण हे अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं आहे. तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं, पण नोंद तुम्ही फार चांगली केलीत.

असं बघा. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या बाजूनं जातं. दिवसभर सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी वरच्या हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो आयनांबर. सूर्य मावळला की खालचा थर भराभर विरतो पण वरचा तसाच जड राहतो, शिवाय मावळतीच्या सुमाराला विषुववृत्तावर एक विद्युत क्षेत्र अचानक जोर धरतं आणि तो वरचा थर अजून उंच ढकलतं. खाली हलकं, वर जड. पाण्यावर तेल ओतण्याऐवजी तेलावर पाणी ओतलं तर काय होईल तसं, खालचे विरळ भाग बुडबुड्यासारखे वर उसळतात. त्यांना प्लाझ्मा बबल म्हणतात. ते चुंबकीय रेषांना धरून उत्तर-दक्षिण पसरतात आणि उंच गेले की आपल्या सोलापूरच्या डोक्यावर येतात. उपग्रहाचा सिग्नल त्या बुडबुड्यांच्या खडबडीत कडांतून आला की लुकलुकतो, तारा लुकलुकतो तसाच. रोव्हरला ती लुकलुक झेपत नाही, तो उपग्रह सोडून देतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे आपल्याकडचे याचे खास महिने, आणि सूर्य आपल्या ११ वर्षांच्या चक्राच्या भरात असला की सगळ्यात जास्त. चालू चक्र २५ वं, डिसेंबर २०१९ ला सुरू झालं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान-सागर संस्था) दोघांनी जाहीर केलं की कमाल काळ आलाय. हा भर एका दिवसात ओसरत नाही, वर्ष-दोन वर्षं रेंगाळतो.

म्हणजे वादळ नसतानाही हे होतं. उलट कधी कधी वादळाच्या दिवशी ते मावळतीचं विद्युत क्षेत्र दबतं आणि बुडबुडे तयारच होत नाहीत! म्हणून केपी बघून तुम्हाला काहीच कळणार नाही.

कॉलेजकट्टा

बाई मग केपी नेमकं आहे काय, सगळे ॲप तर तेच दाखवतात

भौतिकशास्त्र_बाई

केपी म्हणजे तेरा वेधशाळांतल्या चुंबकीय नोंदींवरून काढलेला दर तीन तासांचा आकडा, ० ते ९. तो जर्मनीत पॉट्सडामला काढतात. पण त्या वेधशाळा बहुतेक युरोप, उत्तर अमेरिका अशा वरच्या अक्षांशांवरच्या. ध्रुवीय प्रकाश बघायचा असेल तर केपी बरोबर आहे. आपल्यासारख्या खालच्या अक्षांशावर डीएसटी बघावा, तो विषुववृत्ताच्या जरा बाजूच्या चार वेधशाळांवरून काढतात आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वलय-प्रवाहानं क्षेत्र किती खाली ओढलं ते दाखवतो. मे २०२४ चा तो ४०० चा आकडा डीएसटीचाच. आणि बुडबुड्यांसाठी दोन्ही बाजूला ठेवा, महिना बघा, घड्याळ बघा, आणि एफ १०.७ बघा. तो म्हणजे सूर्याकडून १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर येणारी रेडिओ ऊर्जा, कॅनडात १९४७ पासून रोज मोजतात. हा जितका जास्त तितका आयनांबर दाट.

बांधकरी

बाई वाचून अंगावर काटा आला. तीन आठवडे मी मशीनला शिव्या घालतोय. मग याच्यावर उपाय काही?

रेडिओवाला_सोलापूर

थांबवता येत नाही, चुकवता येतं. एक, जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ, बेईडू हे बाकीच्या देशांचे उपग्रह सगळे चालू ठेवा, आकाशात जितके जास्त उपग्रह तितके बुडबुड्याबाहेरचे मिळतील. क्षितिजाजवळचे उपग्रह कापा, मास्क १५ अंशापर्यंत न्या. बेस, म्हणजे माहीत असलेल्या जागी ठेवलेला दुसरा जीपीएस, लांबच्या स्टेशनचा घेत असाल तर साइटवर स्वतःचा बेस लावून बघा, बेस आणि रोव्हर दोघं एकाच आभाळाखाली असले की चूक बरीच वजा होते, लुकलुक मात्र जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्लोटवर खूण मारायची नाही म्हणजे नाही, फिक्स परत आल्यावर सुद्धा आधी माहीत असलेल्या बिंदूवर जाऊन तपासायचं. खोटं फिक्स फ्लोटपेक्षा वाईट.

अमेरिकेत मे २०२४ च्या वादळात ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर वाकडे जायला लागले म्हणून शेतकऱ्यांनी काम थांबवलं होतं, तुम्ही एकटे नाही.

सातशेपासष्ट

नमस्कार. मी निवृत्त आहे, ट्रान्समिशनमध्ये होतो. ग्रिडबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्युबेकचं ग्रिड सौर वादळानं दीड मिनिटात कोसळलं, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. कारण समजून घ्या. चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदललं की जमिनीत विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होतो, किलोमीटरला व्होल्टभर किंवा त्याहून जास्त, आणि लाइन जितकी लांब तितका तो साठत जातो. दोन टोकांना ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत गाडलेला, तिथून जवळपास डीसीसारखा प्रवाह आत शिरतो. ट्रान्सफॉर्मर एसीसाठी बनलेला, डीसी शिरला की कोअर, म्हणजे आतला लोखंडी गाभा, अर्ध्या सायकलला चुंबकत्वानं भरून जातो, गुरगुर वाढते, तापतो, रिॲक्टिव्ह पॉवर ओढायला लागतो, हार्मोनिक, म्हणजे विजेच्या लहरीत बिघडलेल्या जादा लहरी, तयार होतात, आणि त्या हार्मोनिकनं संरक्षणाचे रिले चुकीचे सुटतात. क्युबेकला व्होल्टेज सांभाळणारी यंत्रणाच आधी सुटली, मग काय राहतं.

आपल्या सोलापूरचा याच्याशी संबंध असा की रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड त्या लाइननं बाकी देशाला जोडलं गेलं. पूर्ण देश एका फ्रिक्वेन्सीवर आला तो आपल्या दारातून. मला त्या दिवसाचा आजही अभिमान आहे. दोनशे किलोमीटरच्या आसपास लांबी. आता लगेच घाबरू नका, क्युबेक ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याजवळ आहे, तिथलं आभाळातलं प्रवाहाचं जाळं वेगळं, आपल्याकडे तितका फटका बसत नाही. पण म्हणून मोजायचंच नाही हे मला पटत नाही. न्यूट्रलला डीसी मोजणारा सेन्सर ही फार मोठी वस्तू नाही. मोठ्या एकसंध ग्रिडमध्ये एका कोपऱ्यात गडबड झाली की ती सगळीकडे जाते, हे आम्ही २०१२ च्या जुलैत ग्रिड दोनदा कोसळलं तेव्हा पाहिलंय, तेव्हा कारण सूर्य नव्हता पण धडा तोच.

कॉलेजकट्टा

काका भारी माहिती. पण मला हे कळत नाही की सीएमईला दोन दिवस लागतात तर आपल्याकडे दोन दिवस आहेत ना तयारीला? मग अंदाज चुकतात का? मागं दोन तीनदा जी३ चा (वादळाची ताकद जी१ ते जी५ अशी सांगतात ना, त्यातला) इशारा होता आणि काहीच झालं नाही

भौतिकशास्त्र_बाई

हा खरा प्रश्न विचारलास बाळा, आणि याच्यावर मी जरा सविस्तर लिहिते.

सूर्यावरून ढग निघाला हे दिसतं. सोहो यान १९९६ पासून कोरोनाग्राफनं, म्हणजे सूर्याची तबकडी झाकून, भोवतालचा प्रभामंडल बघतंय. त्या चित्रांवरून ढगाचा वेग आणि दिशा काढतात, मग संगणकावर तो सौर वाऱ्यातून पुढे ढकलून बघतात, कधी पोचेल. पण सरळ आपल्याकडे येणारा ढग आपल्याला समोरून दिसतो, सूर्याभोवती फुगणाऱ्या कड्यासारखा. रेल्वे रुळावर उभं राहून समोरून येणाऱ्या गाडीचा वेग सांगा म्हटल्यासारखं आहे ते. त्यामुळे पोचायच्या वेळेत दहा-बारा तासांची चूक अगदी नेहमीची.

ती चूक एकवेळ चालेल. खरी अडचण दुसरी. ढगाच्या आत चुंबकीय क्षेत्र गुंडाळलेलं असतं, त्याची दिशा कोणती यावर सगळं ठरतं. पृथ्वीचं क्षेत्र विषुववृत्तापाशी उत्तरेकडे असतं. ढगाचं दक्षिणेकडे असलं, याला बीझेड उणे म्हणतात, तर दोन क्षेत्रं एकमेकांना तोडून जोडतात, दार उघडतं आणि ऊर्जा आत येते. उत्तरेकडे असलं तर दार बंद, मोठा ढगही बाजूनं निघून जातो. तू म्हणतोस ते फुसके जी३ त्यातले. आणि ही दिशा सूर्यावर बघून आजही भरवशानं सांगता येत नाही! ती कळते तेव्हाच जेव्हा ढग एल१ बिंदूवरच्या यानांवर आदळतो. एल१ आपल्यापासून १५ लाख किलोमीटर, सूर्याकडच्या बाजूला. तिथून पृथ्वी किती लांब तर ढगाच्या वेगानुसार पंधरा मिनिटं ते तासभर. म्हणजे दोन दिवसांचा अंदाज असतो, पण खात्री फक्त शेवटच्या पाऊण तासात मिळते. अख्ख्या जगाची हीच गत आहे.

मे २०२४ चं उदाहरण घे. १३६६४ क्रमांकाचा सूर्यावरच्या डागांचा समूह, त्यातून एकामागून एक ढग निघाले. अमेरिकेच्या बोल्डरमधल्या अंतराळ हवामान केंद्रानं जी४ चा इशारा दिला, तोच २००५ नंतर पहिला. मागचे ढग वेगवान होते, ते पुढच्यांना गाठत एकत्र आले. १० मेच्या रात्री आपल्या साडेदहाच्या सुमाराला धडक बसली आणि वादळ जी५ ला गेलं, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदा. लडाखला हानलेमध्ये त्या रात्री आकाश लाल दिसलं, भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यात ते आलंय. त्याच आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) होती, मी पोरांना घेऊन काठीची सावली बघत होते आणि रात्री हे. शिक्षिका म्हणून इतका भरलेला आठवडा मला आठवत नाही.

कॉलेजकट्टा

सोलापूरहून कधी दिसेल का असा लाल प्रकाश

भौतिकशास्त्र_बाई

४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. तेवढं वादळ लागेल. आशा ठेवायला हरकत नाही, पण परीक्षा सोडून गच्चीवर बसू नकोस.

रेडिओवाला_सोलापूर

मुंबईचा विषय निघालाय तर बाई कुलाब्याचं सांगा ना, मी सांगितलं तर रंगणार नाही.

भौतिकशास्त्र_बाई

सांगते. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत बसला होता, त्याला डागांवर पांढऱ्या प्रकाशाच्या दोन ठिणग्या दिसल्या, पाच मिनिटांत गेल्या. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळलं, अमेरिकेत तारयंत्रवाल्यांनी बॅटऱ्या काढून नुसत्या आभाळाच्या प्रवाहावर तारा पाठवल्या. युरोपातल्या बऱ्याच वेधशाळांत सुई नोंदीच्या कागदाबाहेर गेली. पण मुंबईत कुलाबा वेधशाळेत माणसं डोळ्यांनी आकडे वाचून वहीत लिहीत होती. नेहमी तासाला, आणि गडबड दिसली की काही मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या सकाळी अकराच्या आसपास त्या वहीत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण उतरली. त्या वादळाची खालच्या अक्षांशावरची इतकी चांगली नोंद जगात दुसरी नाही, आजही शास्त्रज्ञ कॅरिंग्टन वादळ किती मोठं होतं याचा हिशोब करताना त्याच आकड्यांकडे येतात. ती वही लिहिणाऱ्यांचा हात मला नेहमी डोळ्यापुढे येतो, काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं तरी त्यांनी वाचन सोडलं नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय वाचनात गोंधळ होणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम वाचन घेतलं म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळावी. ती मालिका आजही चालू आहे, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ती बघते. आणि आता आपलं आदित्य एल१, २ सप्टेंबर २०२३ ला उडालं, ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोचलं, त्यावरचा सूर्याची अतिनील चित्रं काढणारा कॅमेरा पुण्याच्या आयुकात तयार झालाय. चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरणही त्यावर आहे, म्हणजे ती बीझेडची दिशा आता आपलं स्वतःचं यान पण वाचतं.

बांधकरी, तुम्हाला एक काम सांगू का? पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी नुसती वेळ नाही, कोणत्या बाजूचे उपग्रह आधी जातात तेही लिहा. पूर्व, पश्चिम, डोक्यावर, एवढंच. कारण नंतर सांगते, आधी सांगितलं तर तुम्ही तेच शोधाल.

बांधकरी

लिहितो बाई. तसंही काम आता पहाटे पाच ते दहा केलंय, संध्याकाळी नुसता रोव्हर तिपाईवर लावून बसायला हरकत नाही.

टॉवेलवाले

आईला बाईंचं आणि रेडिओवाल्यांचं वाचून दाखवलं. रात्री भाकरी खाल्ली. ग्रुपवर पण टाकलं, दोघांनी विचारलं की कुलाब्याचं खरं का.

सातशेपासष्ट

खरं आहे सांगा त्यांना.

बांधकरी

मंडळी, चौदा दिवस झाले, वही घेऊन आलोय. चौदापैकी नऊ संध्याकाळी फिक्स गेलं. सगळ्यात लवकर साडेसातला, सगळ्यात उशिरा पावणेदहाला, रात्री अकरानंतर एकदाही नाही. चार दिवस काहीच झालं नाही, त्यातल्या एका दिवशी केपी ५ होता म्हणजे वादळ होतं आणि तरी फिक्स पक्कं! एक दिवस वेगळा निघाला, पूर्ण आभाळ एकदम गेलं, तेव्हा तपासलं तर अँटेनाची केबल ढिली होती, ती नऊमध्ये धरलेली नाही. आणि बाई, बाजूचं विचारलं होतं ना, नऊपैकी सात वेळा आधी पश्चिमेचे उपग्रह गेले, मग डोक्यावरचे, मग पूर्वेचे. पश्चिमेचे परत पण आधी आले. दोन वेळा नीट कळलं नाही. हे काय आहे?

भौतिकशास्त्र_बाई

बांधकरी!! अहो, बुडबुडे रात्री पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, सेकंदाला शंभर-एक मीटरच्या वेगानं. तुम्ही मोहोळच्या माळावर तिपाई लावून ते सरकताना पाहिलेत. तुमच्या वहीत पश्चिमेचा उपग्रह गेल्याची आणि पूर्वेचा गेल्याची वेळ मिनिटात आहे का? असली तर आणि त्या वेळचे दोघांचे कोन मिळाले तर साधारण साडेतीनशे किलोमीटर उंची धरून वेग आपल्यालाच काढता येईल. वहीचे फोटो टाका.

बांधकरी

मिनिटात आहे. कोन रोव्हरच्या फाइलमध्ये असतील, काढून टाकतो. सात रात्रींचे सगळे टाकू का फक्त ज्या नीट आहेत त्या?

भौतिकशास्त्र_बाई

सगळे टाका, ज्या दोन कळल्या नाहीत त्या पण.